पाय पाहून नाल
यंत्र, जिग आणि वेल्डिंग फिक्स्चर बनविणाऱ्या कारागिरांसाठी काही व्यावहारिक सूचना

नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यातील सारंगखेडा हे तापी नदीच्या काठचे गाव तेथील घोडेबाजारामुळे दूरदूरपर्यंत ओळखले जाते. मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे साधारणपणे डिसेंबर महिन्यात, एकमुखी दत्ताची यात्रा भरते. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश अशा अनेक प्रांतांतून घोडे येतात. पण या यात्रेत केवळ घोडेच विकले जातात असे नाही. शेतीची अवजारे, बैलांचा साज, लोखंडी सामान यांचीही उलाढाल होते. म्हणून आसपासच्या लोहार, फिटर, वेल्डर मंडळींच्या दृष्टीने यात्रेच्या आधीचा महिना हा वर्षातील सर्वांत धावपळीचा महिना असतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका हंगामात आम्ही आमच्या वर्कशॉपात ट्रॅक्टरला जोडायचे १२ कल्टिव्हेटर बनविले. पहिला नग एका ट्रॅक्टरला लावून पाहिला. तो व्यवस्थित बसला. मग त्याच्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा असे काम सुरू झाले. नववा नग घेऊन गेलेला शेतकरी संध्याकाळी परत आला. ट्रॅक्टरचे खालचे दोन हात कल्टिव्हेटरच्या पिनांवर बसत नव्हते. मोजून पाहिले तर अंतर ५ मि.मी.ने कमी भरले. पुढचे तीन नग त्याहूनही वाईट होते. चारही सांगाडे कापून पुन्हा जोडावे लागले. तीन रात्री जागून काम केले. वेल्डिंग रॉड, गॅस आणि मजुरी यांत त्या १२ नगांचा सगळा नफा गेला. शिवाय "यांचा माल बसत नाही" ही गोष्ट यात्रेत पसरली ती वेगळीच. पैसा पुढच्या हंगामात भरून निघाला, पण नाव भरून निघायला दोन हंगाम लागले.

त्या नुकसानीतून आम्ही जे शिकलो आणि पुढे इतर कारागिरांकडून जे समजले ते या लेखात मांडत आहोत. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे लोखंडकाम, फॅब्रिकेशन आणि यंत्रदुरुस्तीच्या व्यवसायात आहेत. त्यांना या सूचनांचा उपयोग व्हावा एवढाच हेतू आहे.

चूक नेमकी कोठे झाली?

आम्ही प्रत्येक सांगाडा आधीच्या सांगाड्यावरून मोजत होतो. खडूने मारलेली रेघच मुळी दोन मि.मी. जाड असते. रेघेच्या आत कापायचे की बाहेर, हे प्रत्येक वेळी हाताच्या अंदाजावर राहिले. पहिल्या नगात अर्धा मि.मी. गेला, दुसऱ्यात आणखी अर्धा. नक्कलेची नक्कल काढत गेले की चूक साठत जाते, हा नियम आहे. शिंप्यालाही तो ठाऊक असतो. तो दहा सदरे बेततो तेव्हा दहाही एकाच कागदी बेतावरून कापतो. आधी कापलेल्या सदऱ्यावरून पुढचा कधीच कापत नाही.

लोखंडाच्या कामात हा कागदी बेत म्हणजे जिग किंवा फिक्स्चर होय. काटेकोर बोलायचे तर जिग हत्याराला वाट दाखवितो, जसे ड्रिल नेमके कोठे उतरावे हे सांगणारा पोलादी बुश. आणि फिक्स्चर कामाला धरून ठेवते. आपल्या वर्कशॉपांत दोघांनाही जिग किंवा साचा असेच म्हणतात. नावात फारसे काही अडत नाही. महत्त्वाची गोष्ट ही की, माप माणसाच्या डोळ्यात न राहता लोखंडात कायम झाले पाहिजे.

आधी पाय, मग नाल

घोडेबाजारात नालबंदाला काम करताना आपण पाहिले असेल. तो आधी घोड्याचा पाय उचलून पाहतो. खूर कोठे झिजला आहे, घोडा कोणत्या बाजूला जोर देतो हे बघतो. मग नाल ठोकून त्या पायाच्या आकाराला आणतो. नाल तयार आहे म्हणून खूर कापीत बसणारा नालबंद घोडा लंगडा करील.

यंत्र बनविण्याचाही हाच क्रम आहे. कागदावर रेघ ओढण्याआधी विचारावे, या वस्तूत काय खरे असलेच पाहिजे? कल्टिव्हेटरचे उदाहरण घेऊ. ट्रॅक्टरच्या मागील तीन बिंदूंच्या जोडणीची मापे जगभर ठरलेली आहेत. प्रकार १ मध्ये खालच्या पिनांचा व्यास २२ मि.मी., दोन्ही पिनांच्या खांद्यांमधील अंतर ६८३ मि.मी. आणि वरच्या पिनचा व्यास १९ मि.मी. असतो. वरचा बिंदू खालच्या बिंदूंपासून ४६० मि.मी. उंच असतो. प्रकार २ मध्ये खालच्या पिना २८ मि.मी., त्यांच्यातील अंतर ८२५ मि.मी. आणि उंची ६१० मि.मी. असते. गिऱ्हाइकाचा ट्रॅक्टर कोणत्या प्रकारचा आहे हे न विचारता काम सुरू करणे म्हणजे पाय न पाहता नाल ठोकणे होय.

म्हणजे या अवजारात खरी मापे चारच. खालच्या पिनांमधील अंतर, दोन्ही पिना एका सरळ रेषेत असणे, वरच्या छिद्राची जागा आणि फणांमधील अंतर. सांगाड्याची बाहेरची लांबी पाच मि.मी. इकडे-तिकडे झाली तर कोणाचे काही बिघडत नाही. पण आम्ही सगळा वेळ बाहेरची लांबी गुण्याने तपासण्यात घालविला आणि पिनांमधले अंतर नजरेवर सोडले. म्हणून आपल्या प्रत्येक कामाच्या कागदावर अशा दोन-चार मापांभोवती लाल गोल करावा. फिक्स्चर त्या मापांसाठी असते. बाकीची मापे टेपवर सोपवावीत.

यंत्राचा आराखडा करताना

१) पूर्ण मापात काढा. वर्कशॉपच्या फरशीवर किंवा प्लायवुडच्या तक्त्यावर वस्तू खऱ्या आकारात आखावी. लहान कागदावर जी अडचण दिसत नाही ती येथे लगेच दिसते. पाना फिरायला जागा आहे का? ग्रीसची गन निपलपर्यंत पोहोचते का? पट्टा बदलताना अर्धे यंत्र खोलावे लागेल का? हे प्रश्न लोखंड कापण्यापूर्वी सुटले पाहिजेत.

२) बाजारात मिळेल तेच वापरा. बेअरिंग, पुली, पट्टा, चेन हे शहादा, दोंडाईचा किंवा नंदुरबारच्या दुकानात सहज मिळणारे असावे. ६२०५ क्रमांकाचे बेअरिंग (आतला व्यास २५, बाहेरचा ५२, जाडी १५ मि.मी.) कोठेही मिळते. त्याऐवजी भंगारातून मिळालेल्या एखाद्या वेगळ्या बेअरिंगवर शाफ्ट बेतला, तर ते फुटल्यावर शेतकऱ्याचा हंगाम बुडतो आणि शिव्या आपल्याला बसतात.

३) पाने कमी करा. एका अवजारात पाच मापांचे बोल्ट वापरण्यापेक्षा शक्य तेथे एकाच मापाचे वापरावेत. शेतात शेतकऱ्याजवळ एकच पाना असतो.

४) छिद्राऐवजी खाच ठेवा. जेथे पट्टा किंवा चेन ताणावी लागते तेथे गोल छिद्राऐवजी लांबट खाच पाडावी. पहिल्या नगात तर शंका असेल तेथे सर्वत्र खाच ठेवावी. माप पक्के झाले की पुढील नगांत छिद्र पाडता येते.

५) काय मोडावे हे आपणच ठरवा. दगड किंवा मूळ आडवे आले की काहीतरी मोडणारच. ते गिअरबॉक्स किंवा शाफ्ट असण्यापेक्षा काही रुपयांचा बोल्ट असलेला बरा. म्हणून जोर येणाऱ्या जागी मुद्दाम एक हलका बोल्ट ठेवतात. तो तुटतो आणि यंत्र वाचते. मात्र तो तुटला म्हणून शेतकऱ्याने त्या जागी कडक बोल्ट घालू नये, हे विकतानाच सांगावे.

६) टोकदार कोपरे टाळा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने रिव्हेटऐवजी वेल्डिंग करून हजारो जहाजे झपाट्याने बांधली. त्यांपैकी काहींना अचानक तडे गेले. स्केनेक्टडी नावाचे तेलवाहू जहाज १६ जानेवारी १९४३ रोजी बंदरात शांत पाण्यात उभे असताना दुभंगले. चौकशीत थंडीत ठिसूळ होणारे पोलाद, वेल्डिंगमधील दोष आणि रचनेतील उणिवा अशी कारणे पुढे आली. लिबर्टी जातीच्या मालवाहू जहाजांत तर डेकवरील चौकोनी दरवाजांच्या टोकदार कोपऱ्यांतून चिरा सुरू होत असल्याचे आढळले. पुढे ते कोपरे गोलाईचे व मजबूत करण्यात आले. रिव्हेटच्या जोडात चीर एका पत्र्याच्या कडेला थांबते. वेल्डिंगने सगळे अंग एक होते, म्हणून चीरही पुढे चालत जाते. आपल्या ट्रॉलीच्या चेसीसला किंवा कल्टिव्हेटरच्या सांगाड्याला हाच नियम लागू आहे. गॅसने कापलेली आतली खाच टोकदार ठेवू नये. आधी तेथे छिद्र पाडावे, मग छिद्रापर्यंत कापावे.

फिक्स्चरचा पाया : तीन, दोन, एक

तीन पायांचे स्टूल कोणत्याही फरशीवर डुलत नाही. चार पायांचे डुलते. फिक्स्चरचे सारे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे.

कोणताही तुकडा ठाम बसवायला सहा टेकू पुरतात. खालून तीन, लांब बाजूला दोन आणि टोकाला एक. खालच्या तिघांमुळे तो डुलत नाही, बाजूच्या दोघांमुळे तिरपा होत नाही आणि टोकाच्या एकामुळे पुढे सरकत नाही. सातवा पक्का टेकू दिला की गोंधळ सुरू होतो. लोखंड कोणत्या सहांना टेकेल हे मग दर वेळी वेगळे ठरते. लांब अँगल मध्ये झुकतो म्हणून आधार द्यावाच लागला, तर तो बोल्टवर वरखाली होणारा ठेवावा आणि तुकडा पक्का दाबल्यानंतर अलगद टेकवावा.

टेकू शक्य तेवढे एकमेकांपासून लांब ठेवावेत. गॅसने कापलेल्या खडबडीत कडेवर टेकू घेऊ नये. गिरणीतून आलेल्या सरळ कडेवर किंवा ड्रिलने पाडलेल्या छिद्रात घ्यावा. दाब देणारी पकड नेहमी टेकूच्या नेमकी समोर असावी. दाब मोकळ्या जागेवर दिला तर पट्टी वाकते. वेल्डिंग झाल्यावर पकड सोडताच ती पुन्हा सरळ होते आणि माप पळते.

वेल्डिंगच्या आचेचा हिशेब

फिक्स्चरने घट्ट धरले म्हणजे काम वाकणार नाही, असा अनेकांचा समज आहे. तो पुरता खरा नाही. एक मीटर लांबीचे साधे लोखंड १०० अंश सेल्सिअसने तापले की सुमारे १.२ मि.मी. वाढते. जोडाजवळचे लोखंड तर वितळण्यापर्यंत तापते, पण बाजूचे थंड लोखंड त्याला वाढू देत नाही. ते जागच्या जागी दबते आणि थंड होताना आखडते. हे आखडणे कोणतीही पकड पूर्णपणे थांबवू शकत नाही. पकड सुटली की उरलेला ताण वस्तूला ओढतो. म्हणून पुढील काळजी घ्यावी.

सगळे टाके आधी मारावेत. ते समोरासमोर असावेत, एका बाजूने ओळीने मारत जाऊ नये. मग वेल्डिंगही डावीकडे थोडे, उजवीकडे थोडे असे तोलून करावे. लांब जोड असेल तर हात हात लांबीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा मागच्या दिशेने ओढावा.

गरजेपेक्षा जाड वेल्डिंग करू नये. कोपऱ्यातील जोडाची बाजू ४ मि.मी. असेल तर त्याचे छेदक्षेत्र ८ चौरस मि.मी. भरते. बाजू ८ मि.मी. केली की ते ३२ चौरस मि.मी. होते. म्हणजे दुप्पट जाडीला चौपट रॉड, त्याच प्रमाणात वाढलेली आच आणि जास्त वाक. ६ मि.मी.च्या पट्टीवर १० मि.मी.चा थर चढविणे हे मजबुतीचे लक्षण नव्हे. तो फुकटचा खर्च आहे.

रॉडच्या पाकिटावरील आकडे वाचायला शिकावे. ई ६०१३ मधील ६० म्हणजे जोडाची ताण सोसण्याची ताकद दर चौरस इंचाला ६० हजार पौंड, आणि त्यापुढील १ म्हणजे रॉड सर्व बाजूंनी चालतो. साध्या अँगल-पट्टीला तो पुरतो. जाड आणि जास्त जोर येणाऱ्या जोडाला ई ७०१८ चांगला, पण तो कोरडाच हवा. पावसाळ्यात उघड्या पाकिटात राहिलेला असा रॉड वापरला तर आतून चिरा पडू शकतात. पाकिटावर ॲम्पिअरची मर्यादा छापलेली असते, तीच पाळावी.

पहिली फ्रेम जेव्हा साच्यातच अडकली

कल्टिव्हेटरच्या त्या प्रकारानंतर आम्ही मोठ्या हौसेने जाड चॅनलचे फिक्स्चर बनविले. सर्व बाजूंनी ठोकळे, सर्व बाजूंनी पकडी. पहिला सांगाडा त्यात जोडला. माप अगदी बरोबर होते, पण तो बाहेर निघेना. आखडलेल्या लोखंडाने आतले ठोकळे आवळून धरले होते. घणाने ठोकून पाहिले, शेवटी एक ठोकळा गॅसने कापला. तेव्हा कळले की, वस्तू आत कशी घालायची याआधी ती बाहेर कशी काढायची हे ठरवावे लागते.

तेव्हापासून आम्ही पुढील पथ्ये पाळतो. वस्तूच्या आत येणारा प्रत्येक टेकू सरकता किंवा पिन काढून बाजूला घेता येणारा असावा. छिद्रात जाणारी पिन छिद्रापेक्षा ०.२ ते ०.३ मि.मी. बारीक असावी, तिचे टोक निमुळते असावे आणि मागून ठोकायला जागा असावी. जेथे दोन छिद्रांत दोन पिना जातात तेथे एक पिन पूर्ण गोल ठेवावी व दुसरी दोन बाजूंनी कानशीने घासून चपटी करावी. म्हणजे छिद्रांच्या अंतरात किंचित फरक पडला तरी ती अडत नाही. ज्या कोपऱ्यात वेल्डिंग होणार त्या कोपऱ्यात फिक्स्चरचे लोखंड येऊ देऊ नये, नाहीतर वस्तू फिक्स्चरलाच चिकटते. टेकूच्या भोवती थोडी मोकळी जागा ठेवावी, म्हणजे उडालेले थेंब आणि खपली खाली पडते. पकडीच्या बोल्टांचे आटे थेंबांपासून झाकावेत आणि अर्थची पकड नेहमी कामाच्या तुकड्यालाच लावावी. फिरत्या फिक्स्चरमध्ये करंट बेअरिंगमधून गेला तर बेअरिंग खराब होते.

शक्य असल्यास फिक्स्चर दोन टोकांना पाइपवर फिरते करावे. प्रत्येक जोड तोंड वर करून वेल्ड करता आला की जोड चांगला येतो, रॉड कमी लागतो आणि वेल्डरची कंबरही वाचते.

उलटे बसूच नये

जपानचे शिगेओ शिंगो यांनी १९६०च्या दशकात कारखान्यांना एक साधी गोष्ट शिकविली. कामगाराला "लक्ष ठेव" असे हजारदा सांगण्यापेक्षा, चुकीचा भाग बसूच शकणार नाही अशी रचना करावी. आपल्या फिक्स्चरमध्येही हे सहज जमते. डावी आणि उजवी पट्टी जवळजवळ सारखी दिसत असेल तर एक जास्तीची पिन अशा जागी ठेवावी की उलटी पट्टी तिला अडेल. संध्याकाळी थकलेला शागीर्दही मग चुकत नाही, आणि उस्तादाला ओरडावे लागत नाही.

फिक्स्चर परवडते का?

प्रत्येक कामाला मोठे फिक्स्चर करणे शहाणपणाचे नाही. हिशेब असा करावा. समजा, फिक्स्चरला ६० किलो लोखंड लागले आणि दर ७० रुपये धरला, तर ४,२०० रुपये झाले. दोन माणसांचे दोन दिवस, म्हणजे ३२ तास, ताशी ७५ रुपयांनी २,४०० रुपये. एकूण ६,६०० रुपये. फिक्स्चरमुळे प्रत्येक नगामागे दोन माणसांचे दोन तास वाचले, तर ३०० रुपये वाचले. ६,६०० भागिले ३०० म्हणजे २२. बावीस नगांनंतर फिक्स्चर कमवू लागते. दर आपापल्या गावचे घालावेत, रीत हीच आहे. फुकट गेलेल्या नगांचे नुकसान यात धरलेले नाही हेही ध्यानात ठेवावे.

मग ज्याला बाराच नग करायचे आहेत त्याने काय करावे? त्याने फक्त लाल गोलातील मापांसाठी छोटे साधन करावे. आमच्या कल्टिव्हेटरला एक जाड पाइप आणि त्यावर लेथवर घासून नेमक्या अंतरावर बसविलेले दोन खांदे एवढे पुरले असते. दोन्ही पिनांच्या पट्ट्या त्या खांद्यांना टेकवून टाके मारायचे, बाकी सांगाडा टेप आणि गुण्याने. काही शे रुपयांच्या या पाइपने आमच्या तीन रात्री आणि नाव वाचविले असते.

सुधारणा कशी करावी?

पहिले फिक्स्चर कधीच शेवटचे नसते. म्हणून सुरुवातीला टेकू वेल्ड करून टाकू नयेत. बोल्टने बसवावेत आणि त्याखाली पातळ पत्र्याच्या चकत्या ठेवाव्यात. तीन नग करून पाहावेत. ते पूर्ण थंड झाल्यावर, पकडीतून बाहेर काढून मोजावेत. तिन्ही नग एकाच बाजूला सारखेच चुकत असतील, समजा दोन मि.मी.ने आखडत असतील, तर दोष वेल्डरचा नाही. टेकू दोन मि.मी. बाहेर सरकवावा. तीन नग तीन तऱ्हेने चुकत असतील तर टेकू सरकवून उपयोग नाही. पकड ढिली आहे, टेकूवर खपली अडकते आहे किंवा वेल्डिंगचा क्रम दर वेळी बदलतो आहे. आधी ते शोधावे. माप कायम झाल्यावरच टेकूला पक्की पिन मारावी.

एका वेळी एकच बदल करावा. टेकूही सरकवला, रॉडही बदलला आणि क्रमही उलटा केला, तर फायदा कशाने झाला हे कधीच कळणार नाही.

प्रत्येक बदल वहीत लिहावा. तारीख, काय बदलले, का बदलले, एवढे तीन रकाने पुरतात. फिक्स्चरवर रंगाने क, ख, ग असे अक्षर लिहावे आणि त्यावर बनलेल्या नगावरही तेच अक्षर ठोकावे. सहा महिन्यांनी सुटा भाग मागायला गिऱ्हाईक आले की कोणत्या मापाचा द्यायचा हे लगेच कळते. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. जुन्या रचनेचा फोटो काढून ठेवायला पैसे पडत नाहीत. मात्र जुना पत्र्याचा फर्मा भिंतीवर टांगून ठेवू नये. तो कापून भंगारात टाकावा. नवा आणि जुना फर्मा शेजारी असला की एक दिवस कोणीतरी जुनाच उचलतो.

तक्रार घेऊन आलेल्या माणसाला शत्रू समजू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला तेव्हा शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. लोखंडाने जमीन बिघडते अशी समजूत होती. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षे लागली. तरीही त्यांनी काम सोडले नाही आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याआधी त्यांचे पहिले उत्पादन होते कडबा कापण्याचे यंत्र. घोड्यांच्या आणि गुरांच्या बाजारात ज्याची आजही गरज असते तीच वस्तू. गावात बनलेल्या अवजाराचा मोठा कारखाना होऊ शकतो, पण तो शेतकऱ्याचे ऐकून घेणाऱ्याचाच होतो.

हात आणि डोळे

कडबा कुट्टी, मळणी यंत्र अशी यंत्रे बनविणाऱ्यांवर आणखी एक जबाबदारी आहे. मळणी यंत्रांत हात जाऊन अपंग झालेल्यांची संख्या वाढली म्हणून केंद्र सरकारला १९८३ साली धोकादायक यंत्रांविषयीचा कायदा करावा लागला. चारा घालायचे तोंड इतके लांब असावे की हात पात्यापर्यंत पोहोचू नये. पट्टा आणि पुलीवर जाळी असावी. जाळी काढायला अवघड असेल तर शेतकरी ती एकदा काढून परत लावत नाही, म्हणून ती बिजागरीवर उघडणारी करावी. जाळीचे पैसे वाचवून यंत्र स्वस्त देऊ नये.

स्वतःच्या वर्कशॉपातही काळी काच, हातमोजे आणि बूट यांत काटकसर करू नये. शागीर्दाला टाके मारतानाही काच द्यावी. नुसते तोंड फिरवून टाका मारण्याची सवय डोळे घालविते. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपवर वेल्डिंग करण्यापूर्वी जोडाजवळचा मुलामा घासून काढावा आणि काम उघड्यावर करावे. त्या पांढऱ्या धुराने थंडी वाजून ताप येतो. डिझेलच्या जुन्या टाकीला तर ती पूर्ण साफ केल्याची खात्री नसेल तेव्हा हातच लावू नये.

शेवटी

आता लेझरने कापलेले तुकडे अर्ध्या मि.मी.च्या आत बरोबर मिळू लागले आहेत. लहान इन्व्हर्टर मशीन खांद्यावर नेता येते. साधने सुधारली, पण आखडणारे लोखंड तेच आहे आणि डुलणारे चार पायांचे स्टूलही तेच आहे. जो कारागीर काम सुरू करण्याआधी दोन तास फरशीवर रेघा ओढण्यात घालवितो त्याचे दोन तास वाया जात नाहीत.

यात्रेत आलेला शेतकरी ३०-४० कोस दूर जातो. अवजार बसले नाही तर तो परत येत नाही, पुढच्या वर्षी दुसऱ्या पालावर जातो आणि का गेला हे आपल्याला सांगतही नाही. आमच्याकडे नववा शेतकरी त्याच संध्याकाळी परत आला, हे आमचे नशीब. तो पाइप आणि त्यावरचे दोन खांदे आम्ही पुढच्याच आठवड्यात करून घेतले. ते आजही वर्कशॉपच्या दाराशी टांगलेले आहेत. नव्या शागीर्दाला पहिल्या दिवशी आम्ही तेच हातात देतो आणि सांगतो, आधी हे लाव, मग टाका मार.